रटाळ फायनल आणि पडलेलं रेटिंग: एनबीए चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून आला की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणाऱ्यांत दोन वाद हमखास पेटतात. यंदाची फायनल रटाळ होती का, हा पहिला. आणि ती इतक्या कमी लोकांनी का पाहिली, हा दुसरा. या दोन्हींवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रेक्षकांचे आकडे अमेरिकेतल्या टीव्हीचे आहेत आणि २०२५ च्या फायनलपर्यंतचे आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

१. एनबीएची फायनल म्हणजे एकच सामना असतो का?

नाही. ती जास्तीत जास्त सात सामन्यांची मालिका असते. जो संघ आधी चार सामने जिंकेल तो विजेता. त्यामुळे मालिका चार सामन्यांत आटोपू शकते किंवा सातव्यापर्यंत ताणली जाऊ शकते. बातमीत ‘फायनल इतक्या लोकांनी पाहिली’ असं येतं तेव्हा तो बहुतेक वेळा सगळ्या सामन्यांच्या प्रेक्षकसंख्येचा सरासरी आकडा असतो. सातव्या सामन्याचा आकडा या सरासरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. वादात एकाने सरासरी आणि दुसऱ्याने सातव्या सामन्याचा आकडा धरला की भांडण मिटत नाही, म्हणून आधी कोण कशाबद्दल बोलतंय ते ठरवून घ्या.

२. रेटिंग, शेअर आणि प्रेक्षकसंख्या हे तिन्ही एकच आहेत का?

तिन्ही वेगळे आहेत. टीव्ही असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांत सामना लागला होता, ते रेटिंग. त्या वेळी ज्या घरांत टीव्ही चालू होता, त्यांतल्या किती टक्के घरांत सामना लागला होता, तो शेअर. आणि किती माणसं पाहत होती, ती प्रेक्षकसंख्या. हे मोजण्याचं काम नील्सन ही कंपनी करते.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रेक्षकसंख्या ही दर मिनिटाची सरासरी असते. पहिला क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी पहिला) पाहून झोपी गेलेला माणूस त्या सरासरीत थोडासाच मोजला जातो. म्हणूनच सामना एकतर्फी झाला की आकडा घसरतो आणि शेवटपर्यंत रंगला की वर जातो. खेळाच्या रंगतीचा आकड्याशी संबंध आहे तो एवढाच. टीव्ही लावायचा की नाही, हे माणूस सामना रंगायच्या आधीच ठरवतो.

३. आजवर सर्वात जास्त आणि सर्वात कमी पाहिल्या गेलेल्या फायनल कोणत्या?

सर्वात वर १९९८ ची शिकागो बुल्स विरुद्ध युटा जॅझ. सरासरी सुमारे २ कोटी ९० लाख प्रेक्षक, आणि शेवटचा सहावा सामना जवळपास ३ कोटी ५९ लाखांनी पाहिला.

सर्वात खाली २०२० ची लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध मायामी हीट. सरासरी सुमारे ७५ लाख. तिच्या आधी हा मान २००७ च्या सॅन अँटोनियो स्पर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स मालिकेकडे होता, सरासरी सुमारे ९३ लाख. त्याच्याही आधी २००३, स्पर्स विरुद्ध न्यू जर्सी नेट्स, सुमारे ९९ लाख.

४. म्हणजे १९९८ ची फायनल सर्वात रंगतदार होती असं म्हणायचं का?

सहावा सामना नक्कीच. बुल्सच्या मायकल जॉर्डनचे ४५ गुण, शेवटच्या मिनिटात जॅझच्या कार्ल मलोनच्या हातातून काढून घेतलेला चेंडू आणि ५.२ सेकंद उरलेली असताना मारलेली बास्केट. बुल्स ८७, जॅझ ८६.

पण त्याच मालिकेतला तिसरा सामना आठवून पाहा. बुल्स ९६, जॅझ ५४. शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारण्याची सक्ती) आल्यानंतर फायनलमध्ये कुठल्याही संघाने केलेली ५४ ही सर्वात कमी गुणसंख्या आहे, आणि अंतर ४२ गुणांचं. बाकीचे सामने चुरशीचे होते, पण कमी गुणांचे: ८६-८२, ८३-८१, ८८-८५ आणि तोही ओव्हरटाइम (बरोबरीमुळे मिळालेला जादा वेळ) धरून. हेच निकाल सॅन अँटोनियो आणि डेट्रॉइटच्या नावावर असते, तर त्या मालिकेला सगळ्यांनी रटाळ म्हटलं असतं. लोक जॉर्डनला पाहायला बसले होते आणि हा त्याचा बुल्सकडून शेवटचा सीझन असेल याची सगळ्यांना कुणकुण होती. पुढच्याच वर्षी, जॉर्डन निवृत्त झाल्यावर, स्पर्स विरुद्ध न्यू यॉर्क निक्स ही फायनल सरासरी सुमारे १ कोटी ६० लाखांवर आली. न्यू यॉर्कसारखं देशातलं सर्वात मोठं शहर खेळत असूनही एका वर्षात जवळपास निम्मे प्रेक्षक गेले.

५. स्पर्स खरंच इतके कंटाळवाणे होते का?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे.

स्पर्सनी १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदं मिळवली. पहिल्या चारांपैकी एकाही फायनलला टीव्हीवर फार मोठी गर्दी झाली नाही, आणि ‘स्पर्स म्हणजे झोप’ हे समीकरण तिथून पक्कं झालं. त्याचं मोठं कारण त्यांचा मुख्य खेळाडू टिम डंकन. तो ओरडायचा नाही, छाती बडवायचा नाही, पत्रकारांना मसालेदार वाक्यं द्यायचा नाही. बास्केट झाली की मान खाली घालून बचावाला पळायचा.

आता त्याच्या एकाच शॉटकडे नीट बघा. कोर्टच्या डाव्या बाजूला, बोर्डशी साधारण ४५ अंशांचा कोन होईल अशा जागी तो चेंडू घेतो. बास्केटकडे तोंड करतो. एक पाय पुढे टाकून बचाव करणाऱ्याला किंचित मागे ढकलतो, म्हणजे प्रत्यक्षात हात न लावता ढकलतो. तो अर्धं पाऊल मागे गेला की डंकन चेंडू डोक्यावर नेतो आणि काचेवर रंगवलेल्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर आपटवतो. चेंडू जाळीत. सामन्यात हे पाच-सहा वेळा व्हायचं. समोरच्या संघाला हे येणार हे माहीत असायचं, तरी अडवता यायचं नाही. शकील ओनीलने त्याला ‘बिग फंडामेंटल’ हे नाव दिलं ते याच पक्क्या पायाभूत खेळामुळे.

२००३ च्या सहाव्या सामन्यात डंकनने २१ गुण, २० रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू), १० असिस्ट (बास्केट करून देणारा पास) आणि ८ ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) केले. चौथ्या क्वार्टरमध्ये नेट्स पुढे होते, तिथून स्पर्सनी सलग १९ गुण केले आणि ८८-७७ ने विजेतेपद घेतलं. एवढी एकहाती कामगिरी फायनल ठरवणाऱ्या सामन्यात क्वचित झाली आहे. ती टीव्हीवर फार थोड्यांनी पाहिली, यात डंकनचा काय दोष?

आणि २०१४ च्या स्पर्सना रटाळ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मायामीत झालेल्या तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या हाफमध्ये त्यांचे ७५.८ टक्के शॉट जाळीत गेले. पास, पास, आणखी एक पास, आणि शेवटी मोकळा उभा असलेला माणूस. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविचही तेच आणि डंकनही तोच. एव्हाना संघ वेगाने खेळायला लागला होता, म्हणून लोकांना तो अचानक सुंदर दिसू लागला.

६. गुण कमी झाले की सामना रटाळच होणार ना?

कमी गुण का झाले, त्यावर ते अवलंबून आहे. दोन्ही संघ उत्तम बचाव करत असतील, तर ७७-७६ हा निकालही (२००३, चौथा सामना) श्वास रोखून बघण्यासारखा असतो. पण बास्केटबॉलच्या इतिहासात खरोखर रटाळ काळ येऊन गेला आहे, हेही मान्य करायला हवं.

२२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. तेव्हा चेंडू किती वेळ हातात ठेवायचा याला मर्यादाच नव्हती, त्यामुळे आघाडीवरचा संघ नुसता चेंडू धरून उभा राहायचा. सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागाकार केला की २४. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं आणि खेळ वाचला. त्याच पहिल्या सीझनमध्ये बियासोन यांचा सिराक्यूज संघच विजेता झाला.

दुसरा संथ काळ १९९० च्या दशकाच्या शेवटापासून २००४ पर्यंतचा. १९९८-९९ मध्ये संघांची सरासरी सामन्यामागे ९१-९२ गुणांपर्यंत उतरली होती. मग २००१-०२ पासून झोन बचावाला (एकेका खेळाडूऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली आणि २००४-०५ पासून चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने अडवण्याविरुद्धचा नियम कडक झाला. त्यानंतर खेळ हळूहळू मोकळा झाला. २०२४-२५ मध्ये ही सरासरी ११३-११४ वर होती. गुण वीस-बावीसनी वाढले, प्रेक्षक मात्र वाढले नाहीत.

७. मग आता उलटी तक्रार का? सगळे नुसते थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारतात म्हणून खेळ कंटाळवाणा झाला म्हणतात.

या तक्रारीत तथ्य आहे. १९७९-८० मध्ये एनबीएत थ्री पॉइंटची रेघ आली तेव्हा संघ सामन्यामागे दोन-तीन प्रयत्न करत. २०१७-१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचे निम्म्याहून जास्त शॉट थ्रीचे होते. त्याच वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात, फायनलच्या उंबरठ्यावर, त्यांचे सलग २७ थ्री चुकले. तो सामना बघणं क्लेशदायक होतं.

मला स्वतःला थ्रीची अडचण नाही, एकसुरीपणाची आहे. तीसही संघ सारखंच खेळायला लागले की एका संघाची शैली दुसऱ्याशी भिडण्यातली मजा जाते. २०२५ ची फायनल चांगली झाली ती म्हणूनच. इंडियाना पेसर्स सतत धावणारा संघ आणि ओक्लाहोमा सिटी थंडर हातातला चेंडू हिसकावणारा (प्रश्न १४ पाहा).

८. मालिका ४-० झाली की रेटिंग पडतं, बरोबर?

थोडंफार. सर्वात मोठे आकडे सहाव्या-सातव्या सामन्याला येतात आणि ४-० मध्ये ते सामने होतच नाहीत. २००७ मध्ये स्पर्सनी क्लीव्हलंडला ४-० हरवलं आणि तेव्हाचा नीचांक झाला. पण २०१८ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्याच क्लीव्हलंडला ४-० हरवलं, तेव्हा सरासरी सुमारे १ कोटी ७७ लाख होती. दोन्ही वेळा हरणाऱ्या संघात लेब्रॉन जेम्सच होता. फरक असा की २००७ मध्ये तो २२ वर्षांचा, पहिल्यांदाच फायनलला आलेला खेळाडू होता आणि २०१८ मध्ये त्याची वॉरियर्सशी ती सलग चौथी फायनल होती. प्रेक्षकांना ओळखीची भांडणं आवडतात.

९. छोट्या शहरांचे संघ आले की कोणी बघत नाही, हे कितपत खरं?

अर्धवट खरं. आपल्या शहराचा संघ असला की तिथली माणसं बघतात आणि लॉस एंजेलिसमध्ये ओक्लाहोमा सिटीपेक्षा कितीतरी जास्त घरं आहेत. बेसबॉलमध्येही हेच दिसतं. २०२३ ची टेक्सस विरुद्ध ॲरिझोना ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, सरासरी सुमारे ९१ लाखांनी पाहिली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध न्यू यॉर्क यँकीज म्हटल्यावर आकडा १ कोटी ५८ लाखांच्या आसपास गेला.

पण अपवाद मोठे आहेत. क्लीव्हलंड हे छोटं शहर. तरी २०१६ मध्ये १-३ अशा पिछाडीवरून येऊन त्यांनी वॉरियर्सना हरवलं, तो सातवा सामना सुमारे ३ कोटी १० लाखांनी पाहिला. उलट २००३ चे नेट्स न्यू यॉर्कच्या अगदी शेजारी खेळायचे, पण न्यू यॉर्ककरांनी त्यांना आपलं कधी मानलंच नाही. आणि सर्वात मोठा अपवाद २०२० चा. लेकर्स, लेब्रॉन, लॉस एंजेलिस, सगळं असूनही नीचांक. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१०. २०२० मध्ये नेमकं काय झालं? लोक राजकारणामुळे दूर गेले का?

राजकारणामुळे प्रेक्षक गेले असं त्या वेळी अनेकांनी म्हटलं आणि काही जण गेलेही असतील. पण आधी कॅलेंडर बघा. कोविडमुळे सीझन मार्चमध्ये थांबला आणि ऑर्लँडोजवळ बंदिस्त ठिकाणी, रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाला. जूनमधली फायनल ३० सप्टेंबरला सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये संपली. तिसरा सामना रविवारी, अमेरिकन फुटबॉलच्या दिवशी आला आणि ६० लाखांच्याही खाली गेला. अध्यक्षीय निवडणूक महिन्यावर होती आणि बातम्यांच्या वाहिन्यांनी सगळा वेळ खाल्ला होता. त्या काळात इतर खेळांच्या फायनलही पडल्या. म्हणून २०२० चा आकडा कुठल्याही बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये, असं मला वाटतं.

११. एकेकाळी एनबीएची फायनल थेट दाखवतही नव्हते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि आजच्या वादात हे सगळे विसरतात. १६ मे १९८० ला लेकर्स विरुद्ध फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स सहावा सामना होता. लेकर्सचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) करीम अब्दुल-जब्बार घोटा दुखावल्याने खेळू शकला नाही. त्याच्या जागी २० वर्षांचा, पहिल्याच सीझनमधला मॅजिक जॉन्सन उभा राहिला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट करून संघाला विजेतेपद मिळवून दिलं. सीबीएस वाहिनीने अमेरिकेच्या बहुतेक भागाला हा सामना रात्री साडेअकरानंतर रेकॉर्डिंग म्हणून दाखवला, कारण शुक्रवारच्या संध्याकाळच्या मालिकांना हात लावायचा नव्हता.

१९८१ च्या बोस्टन विरुद्ध ह्यूस्टन फायनलचं रेटिंग ६.७ होतं. हा नीचांक तब्बल २००३ पर्यंत टिकला, तेव्हा ते ६.५ झालं. मधल्या काळात मॅजिक, लॅरी बर्ड आणि जॉर्डन येऊन गेले. ‘पूर्वी सगळे बघायचे’ असं म्हणताना लोक याच मधल्या काळाबद्दल बोलत असतात.

१२. १९९४ ची फायनल मध्येच अर्ध्या पडद्यावर गेली होती म्हणतात. काय प्रकार होता?

१७ जून १९९४. निक्स विरुद्ध ह्यूस्टन रॉकेट्स, पाचवा सामना. त्याच वेळी माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या पांढऱ्या ब्रॉन्को गाडीमागे लॉस एंजेलिसच्या महामार्गावर पोलीस लागले होते. एनबीसी वाहिनीने पडदा विभागून पाठलाग मोठा आणि सामना छोट्या चौकटीत दाखवला. त्या फायनलच्या सातही सामन्यांत एकाही संघाने १०० गुण गाठले नाहीत आणि जॉर्डन त्या वर्षी बेसबॉल खेळत होता. तरीही एकही सामना दहा गुणांच्या फरकाने गेला नाही. हकीम ओलाजुवान आणि पॅट्रिक युइंग या दोन थोर सेंटरची ती समोरासमोरची लढत होती आणि ती मालिका जेवढी आठवायला हवी तेवढी आठवली जात नाही.

१३. टोरांटोने २०१९ मध्ये फायनल जिंकली तेव्हा आकडे का पडले?

कारण कॅनडातले प्रेक्षक अमेरिकेच्या आकड्यात धरले जात नाहीत. फायनलमधल्या दोनपैकी एका संघाचं घरचं शहर मोजणीतूनच वगळलं गेलं, तरी अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ५१ लाख होती. कॅनडात शेवटचा सामना सरासरी सुमारे ७७ लाखांनी पाहिला. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेचार कोटींच्या आसपास होती. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर १९९८ चा बुल्सचा सामनाही याच्यापुढे कमी पडतो.

१४. २०२५ ची फायनल चांगली होती की फक्त आकडे वाईट होते?

फार चांगली होती. मला गेल्या काही वर्षांतली सर्वात आवडलेली.

पहिल्या सामन्यात इंडियाना जवळजवळ पूर्ण वेळ मागे. ०.३ सेकंद उरलेली असताना टायरिस हॅलिबर्टनने शॉट मारला, १११-११०. अख्ख्या सामन्यात पेसर्स पुढे होते ते तेवढेच ०.३ सेकंद. चौथ्या सामन्यात थंडरच्या शाय गिल्जस-अलेक्झांडरने शेवटच्या पाच मिनिटांत सामना ओढून नेला. हॅलिबर्टन पोटरी दुखत असताना सहावा सामना खेळला आणि पेसर्सनी तो जिंकून सातवा लादला. सातव्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचं अकिलीस टेंडन (टाचेवरचा स्नायुबंध) तुटलं. थंडर १०३, पेसर्स ९१.

सरासरी प्रेक्षक सुमारे १ कोटी ३ लाख. पहिला सामना ९० लाखांच्याही खाली, सातवा मात्र १ कोटी ६४ लाखांच्या आसपास, २०१९ नंतरचा सर्वात मोठा. म्हणजे मालिका रंगत गेली तशी माणसं आली, पण सुरुवातीला ती बसलीच नव्हती. ही दोन शहरं, हे दोन तरुण संघ त्यांच्या ओळखीचे नव्हते. सीझनभर राष्ट्रीय वाहिन्यांवर लेकर्स आणि वॉरियर्स दाखवायचे आणि जूनमध्ये पेसर्स-थंडरला गर्दी जमेल अशी अपेक्षा ठेवायची, हे जुळत नाही.

त्यात प्रक्षेपणानेही साथ दिली नाही. कोर्टवर फायनलचा करंडक रंगवलेला नव्हता, सुरुवातीच्या सामन्यांआधी खेळाडूंची ओळख टीव्हीवर दिसत नव्हती. बघणाऱ्याला हा नोव्हेंबरमधला एखादा साधा सामना वाटला तर त्याची काय चूक? ही तक्रार मला पूर्ण पटते.

१५. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करणं योग्य आहे का?

सरळ तुलना नको. १९९८ मध्ये वाहिन्या कमी होत्या आणि स्ट्रीमिंग नव्हतं. आता केबल तोडलेली घरं कोट्यवधी आहेत आणि अनेक तरुण फक्त मोबाइलवर तुकडे बघतात. दुसऱ्या बाजूने मोजणीही बदलली. बार, हॉटेल अशा घराबाहेरच्या ठिकाणचे प्रेक्षक नील्सनने २०२० पासून धरायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. म्हणजे २०२५ चा आकडा जुन्या पद्धतीने मोजला असता, तर आणखी कमी भरला असता.

‘सगळा टीव्हीच पडला’ हे कारणही पुरत नाही. अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल २०२५ मध्ये १२ कोटी ७७ लाखांनी पाहिला, तो विक्रम होता. एनबीएत प्रत्येक संघाचे ८२ सामने असतात, ते जवळजवळ रोज चालतात, तारे मध्येच विश्रांती घेतात, आणि कुठला सामना महत्त्वाचा ते चाहत्यालाही सांगता येत नाही. एनबीएने आधी इथे लक्ष द्यावं.

१६. रेटिंग इतकं कमी, तर एवढे पैसे कोण देतं?

डिस्ने, एनबीसी युनिव्हर्सल आणि ॲमेझॉन. २०२५-२६ पासून ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलर. आधीचा करार नऊ वर्षांसाठी सुमारे २४ अब्जांचा होता. बाकी कार्यक्रम लोक सवडीने बघतात, जाहिराती पुढे ढकलतात. सामना त्याच क्षणी बघावा लागतो. म्हणून प्रेक्षक घटले तरी थेट खेळाची किंमत वाढली. फायनल डिस्नेच्या एबीसी वाहिनीकडेच राहिली आहे.

१७. मोठे संघ फायनलला यावेत म्हणून एनबीए निकाल फिरवते का?

असा पुरावा कुणीही दिलेला नाही. संशयाला खतपाणी मात्र मिळालं आहे. २००२ मध्ये फायनलच्या आधीच्या फेरीत, लेकर्स विरुद्ध सॅक्रमेंटो किंग्ज सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळाले. पुढे २००७ मध्ये टिम डोनाही हा पंच सट्टेबाजीत सापडला आणि तुरुंगात गेला. किंग्जचे चाहते तो सामना अजून विसरलेले नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

पण लीगला निकाल ठरवता आले असते तर २००३, २००५, २००७, २०२३ आणि २०२५ या फायनल झाल्याच नसत्या. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले. पगाराच्या मर्यादेचे कडक झालेले नियम मोठे संघ एकत्र टिकू देत नाहीत. ते प्रेक्षकसंख्येला मारक ठरू शकतात हे माहीत असूनही मालकांनी ते मान्य केले.

१८. मी भारतातून पहाटे उठून बघतो. माझी मोजणी होते का?

अमेरिकेच्या रेटिंगमध्ये नाही. न्यू यॉर्कच्या वेळेप्रमाणे रात्री साडेआठचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू होतो, रविवारचा आठचा असेल तर सोमवारी साडेपाचला. म्हणजे ऑफिसची लोकल आणि चौथा क्वार्टर यांची गाठ पडतेच.

आपला संबंध मात्र दिसतो त्याहून जवळचा आहे. भारतातले पहिले एनबीए सामने ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, पेसर्स विरुद्ध किंग्ज. सीझनपूर्व सामने असूनही पहिला ओव्हरटाइममध्ये गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ ने जिंकला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. आणि २०२५ ची फायनल गाजवणारा हॅलिबर्टन २०२२ पर्यंत याच किंग्जकडे होता, तिथून तो पेसर्सकडे गेला. नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेल्या कुणालाही विचारा, मुंबईत बास्केटबॉल कळणारी माणसं नवी नाहीत.

१९. कॉलेजच्या फायनलला हेच नियम लागू होतात का?

तिथे एकच सामना असतो, त्यामुळे रटाळ निघाला तर दुसरी संधी नाही. २०११ ची पुरुषांची फायनल कनेटिकटने बटलरविरुद्ध ५३-४१ अशी जिंकली. बटलरचे ६४ पैकी फक्त १२ शॉट जाळीत गेले. माझ्या मते हा खरोखर वाईट खेळलेला सामना होता. बचाव चांगला होता, पण मोकळे शॉटही चुकत होते.

प्रेक्षकांचं सांगायचं तर २०२४ मध्ये महिलांच्या फायनलने पुरुषांच्या फायनलला पहिल्यांदा मागे टाकलं. साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा सुमारे १ कोटी ८९ लाख, पुरुषांची सुमारे १ कोटी ४८ लाख. पुरुषांचा सामना केबलवर होता हे खरं, पण मुख्य कारण आयोवाची केटलिन क्लार्क. ती पुढच्या वर्षी कॉलेजमध्ये नव्हती आणि महिलांच्या फायनलचा आकडा ८५ लाखांवर आला. प्रश्न ४ मध्ये जॉर्डनबद्दल लिहिलं तेच इथेही झालं.

२०. ‘रटाळ’ म्हणून बदनाम झालेला एखादा सामना पूर्ण बघायचा असेल तर कोणता निवडू?

दोन सांगतो. २०१० चा लेकर्स विरुद्ध बोस्टन सातवा सामना, ८३-७९. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे २४ पैकी फक्त ६ शॉट पडले, पण त्याने १५ रिबाउंड घेतले. लेकर्स १३ गुणांनी मागे होते. प्रत्येक रिबाउंडसाठी तीन-चार जण एकमेकांवर पडतात. सुमारे २ कोटी ८२ लाखांनी तो पाहिला होता.

आणि त्याहून वरचा, २००५ चा स्पर्स विरुद्ध डेट्रॉइट पिस्टन्स पाचवा सामना. आधीचे चारही सामने एकतर्फी झाले होते, म्हणून बऱ्याच जणांनी तोवर टीव्ही बंद केला होता. हा मात्र ओव्हरटाइममध्ये गेला. शेवटचे नऊ सेकंद, पिस्टन्स दोनने पुढे. स्पर्सचा रॉबर्ट हॉरी बाजूने चेंडू आत देतो. त्याच्यासमोर उभा असलेला पिस्टन्सचा रशीद वॉलेस कोपऱ्यात स्पर्सच्या मनू जिनोबिलीला घेरायला धावतो. जिनोबिली तिथूनच चेंडू परत हॉरीकडे टाकतो आणि हॉरी मोकळा थ्री मारतो, ९६-९५. दुसऱ्यांदा बघताना चेंडूकडे बघू नका, फक्त वॉलेसचे पाय बघा. आपण कुणाला सोडून आलो हे त्याला कळतं आणि तो वळतो, तोवर हॉरीच्या हातून चेंडू सुटलेला असतो.